ही अट कोणी घातली?

मी चोंबडी आहे. हे माझ्या आईचं मत, आणि मला ते मान्य आहे. रांगेतली पुढची बाई फोनवर कोणाशी भांडतेय, समोरच्या दुकानानं पाटी का बदलली, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे नारपोलीच्या ट्रॅफिकमध्ये शेअर रिक्षा अडकली आणि बाजूला बसलेल्या मुलानं मांडीवर लॅपटॉप उघडला, तेव्हा मी बाहेर बघत बसणं शक्यच नव्हतं.

स्क्रीनभर लाल अक्षरं होती. तो तीच कमांड पुन्हा पुन्हा देत होता आणि दर वेळी तोच एरर येत होता. रस्त्याकडेच्या गाळ्यांतून कापड विणणाऱ्या लूमची खटखट ऐकू येत होती, हवेत कापसाचे तंतू उडत होते. त्यातला एक त्याच्या भुवईवर येऊन बसला. त्याचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

"असं करून नाही होणार ते," मी म्हटलं.

त्यानं मान वळवली. डोळे दमलेले, पण छान होते. "तुम्हाला कळतं यातलं?"

"एका गोडाऊन कंपनीचं सॉफ्टवेअर बघते मी. दिवसभर हेच चालू असतं. कोण कोणाशी भांडतंय?"

"भांडतंय?"

"पॅकेजं हो. वाचा की काय लिहिलंय ते."

तो हसला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. निजामपुऱ्यातल्या एका लूमवाल्या शेठसाठी तो सॉफ्टवेअर बनवत होता. कोणत्या लूमवर किती कापड निघालं, ते दाखवणारं. त्यात त्यानं दोन तयार पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले प्रोग्रॅम, घेतली होती. एक कापड मोजायचं, दुसरं आलेख काढायचं. दोघांनाही काम करायला एक तिसरं पॅकेज लागत होतं. आलेखवाल्याला त्याचं व्हर्जन दोन किंवा त्याच्या पुढचं हवं होतं. मोजणारं म्हणत होतं, दोनच्या खालचंच पाहिजे. आणि एका वेळी एकच व्हर्जन बसतं, म्हणून ती बसवून देणाऱ्या पॅकेज मॅनेजरनं हात वर केले होते.

"आज शेठला दाखवायचंय," तो म्हणाला. "दोघांपैकी एकाला काढावं लागणार बहुतेक…"

"कशाला काढता? आधी बघा, ‘दोनच्या खालचंच’ ही अट कोणी घातली आणि का घातली."

"का म्हणजे? लिहिलंय ना तसं."

"लिहिलंय हो. पण नवीन व्हर्जनवर कोणी चालवून बघितलंय का?"

आम्ही शोधलं. मोजणारं पॅकेज बनवणाऱ्या माणसानं अट घातली, तेव्हा तिसऱ्याचं व्हर्जन दोन निघालंही नव्हतं. पुढं काय बदलेल कोण जाणे, या भीतीनं त्यानं आधीच कुंपण घालून ठेवलं होतं. नंतर कोणी ते हलवून बघितलं नाही. मी म्हटलं, अट बाजूला ठेवा आणि टाका नवीन. त्यानं टाकलं. क्षणभर काहीच झालं नाही… आणि मग स्क्रीनवर निळा आलेख उभा राहिला. कापडाची मोजणीही बरोबर आली.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी हात पुढं केला आणि त्याच्या भुवईवरचा तंतू काढला. का काढला, देव जाणे.

"हे कशासाठी?"

"मगासपासून त्रास देत होता."

"मला तर कळलाही नव्हता."

"मला देत होता," मी म्हटलं आणि कान तापेपर्यंत लाजले.

त्याचं नाव देवेश. त्या दिवसापासून त्याच्या लॅपटॉपवर फार अडचणी यायला लागल्या. आज हे इन्स्टॉल होत नाही, उद्या ते उघडत नाही. मग आम्ही निजामपुऱ्यातल्या चहावाल्याकडे बसायचो आणि कोणाचं कोणावाचून अडलंय ते शोधायचो. एकदा त्यानं अगदी भोळा चेहरा करून विचारलं, "हे जुनं व्हर्जन कसं आलं असेल गं?"

"आलेलं नाही. आणलंय. काल सहा वाजता, तुझ्याच हातानं."

तो असा काही लाल झाला की मला दिवसभर हसू येत राहिलं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तेवढं मात्र माझ्यासारखीच्याही लक्षात आलं नाही.

पण जे बोलायला हवं होतं, ते तो बोलत नव्हता. आणि अशात हिरामणमामा माझ्यासाठी स्थळ घेऊन आला. कल्याणची माणसं. रविवारी बघायला येणार. बाबांनी हो म्हणूनही टाकलं.

मी देवेशला सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"आमच्या दादाचं व्हायचंय अजून," तो म्हणाला. "त्याच्याआधी मी कसा…"

"दादाचं कधी?"

"घराचा वरचा मजला झाला की."

"मजला कधी?"

"ते दादाच बघतोय. काहीतरी राहतंच दर वेळी."

"म्हणजे दादाचं लग्न मजल्यावाचून अडलंय, मजला दादावाचून, आणि तू दोघांवाचून. हे ठरवलं कोणी?"

"कोणी म्हणजे… आमच्यात असंच असतं."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "विचारलंस कधी? पॅकेजासाठी तासन् तास खोदत बसतोस. स्वतःच्या घरात एक प्रश्न विचारता येत नाही? रविवारी मला नटून त्यांच्यासमोर बसायचंय, देवेश. मला नाही बसायचं. मला तुझ्याबरोबर राहायचंय. तू म्हणशील म्हणून वाट बघत होते. घे, मीच म्हटलं."

त्यानं चहाचे पैसे ठेवले. मग उठला. "चल."

"कुठं?"

"विचारायला."

त्याची आई, कमळकाकी, ओटीवर सुक्या मासळीतला जवळा निवडत बसली होती. मोठा भाऊ रामनाथदादा नुकताच कामावरून येऊन पाय धूत होता. देवेशनं मला बसायलाही सांगितलं नाही, सरळ विचारलं, "आई, दादाच्या आधी माझं लग्न चालणार न्हाय, असं कोण बोललं?"

"बोलाया कशाला पायजे?" काकी म्हणाली. "थोरल्याला वाईट वाटंल ना."

"दादा, तुला वाईट वाटेल?"

रामनाथदादानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मला कुणी कधी इचारलंच न्हाय." त्यानं पाय पुसायला घेतले. "मला लगीनच न्हाय करायचं, आई. आधीपासून न्हाय. तू रडशील म्हणून मजल्याचं सांगत आलो."

काकीचा जवळ्यातला हात थांबला. माझ्या चोंबडेपणानं एका घराचं काय काय उघडं केलं होतं. काकी रडली, पण थोडीच. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "आनि मी तुझ्यापायी या पोराला अडवून धरलं." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ही कोन गो?"

"मेघाली. टेमघरची," देवेश म्हणाला. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. "मला आवडते, आई. फार आवडते. करीन तर हिच्याशीच."

हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्या आईला सांगताना, जवळ्याच्या वासात, दाराशी चपला घालून उभी असताना. मला ते शब्द पुन्हा एकदा ऐकायचे होते, पण विचारायचं धाडस झालं नाही.

"काकी," मी कसंबसं म्हटलं, "रविवारी आमच्याकडं कल्याणची माणसं येणारेत. मला बघायला."

काकीनं मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं. "त्यांना नको म्हनून सांग. रविवारी आमी येतो." आणि ती रामनाथदादाकडे वळली. "तू बी चल. थोरला हायस. मागनी तूच घालायची."

रामनाथदादा हसला. त्याचे डोळे भरून आले होते. देवेशनं सगळ्यांदेखत माझा हात धरला आणि मला बसायला सांगितलं.