डावीकडचा स्पीकर

पत्ता विचारायला आलेला माणूस आपली गाडीच ठेवून जातो, असं गिऱ्हाईक आत्याने गाड्यांना स्पीकर बसवायच्या एवढ्या वर्षांच्या दुकानदारीत पाहिलं नव्हतं. गाडी म्हणजे लांबच्या प्रवासाची भारदस्त मोटरसायकल. माणूस रस्त्यांची मोजणी करणारा, उन्हाने रापलेला, हसला की एकाच गालावर खळी. आत आत्याची भाची नवे स्पीकर तपासत होती. तो दारातच थबकला, पत्ता विसरला आणि म्हणाला, "माझ्या गाडीला असा आवाज बसेल?"

"बसतात ते स्पीकर. आवाज बसला तर डॉक्टरकडे जावं लागतं," भाची मान वर न करता म्हणाली.

लहानपणी तिने प्लगमध्ये केसांची पिन घातली होती, तेव्हापासून घरीदारी सगळे तिला ठिणगी म्हणतात. नाव अजून का टिकलंय, ते त्याला तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने गाडीची सीट काढली, बॅटरीची वायर सोडवली, पुढचं कव्हर उतरवलं. जुने केविलवाणे स्पीकर काढून दोन्ही बाजूंना मोठे बसवले, अॅम्प्लिफायर सीटखाली. तो शेजारी उभा. वाट पाहायला बाहेर खुर्ची होती, पण तिच्यावर तो बसेना.

"हँडल पूर्ण वळवा," ती म्हणाली. "आता दुसरीकडे. वायर ताणली गेली तर ऐन वळणावर गाणं बंद पडेल."

"पडू दे की... दुरुस्तीला परत येता येईल."

ठिणगीने पक्कड जरा जोरातच खाली ठेवली. कान मात्र लाल झाले होते. आत्याने ते पाहिलं आणि मनातल्या मनात जमेला धरलं.

वायर काही तुटली नाही. तरी तो आठवड्याभरात परत आला.

"गाणं दोघांचं आहे," तो म्हणाला. "पण हेल्मेट घातलं की बाईचा आवाजच येत नाही."

"रुसली असेल." ठिणगी हेल्मेट घालून गाडीवर बसली. गाडीवरचा आवाज हेल्मेटच्या आतूनच पारखायचा, ही तिची पद्धत. पुरुष उजवीकडून गात होता, बाई डावीकडून, अगदी स्वच्छ. "येतोय की!"

"हो... येत असेल," तो पुटपुटला आणि गेला. दोन दिवसांनी पुन्हा हजर. तीच तक्रार.

"गाडी ठणठणीत आहे त्याची," आत्या म्हणाली. "तिला फक्त इकडे वळायची सवय लागलीय."

त्या दिवशी ठिणगी गाडीच्या डाव्या बाजूला खाली बसून स्क्रू आवळत होती. तो सीटवर, गाणं चालू, नजर समोर.

"चहा घेणार?" तिने विचारलं.

"हो."

"त्यात मीठ घालू?"

"हो, हो."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हो तर!" खळीसकट हसू.

आधी तिला राग आला. चेष्टा चाललीय आपली! मग हातातला पाना हातातच राहिला. हा माणूस काउंटरपाशी नेहमी वळसा घालून यायचा, ती आपल्या उजव्या हाताला येईल असा उभा राहायचा. ती बोलायला लागली की तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवायचा नाही. ती आपली आरशात पाहून केस सारखे करत होती...

तिने काही विचारलं नाही. त्याला उतरवून सीट पुन्हा उचलली, दोन्ही बाजूंचं गाणं एकत्र केलं आणि दोन्ही स्पीकरना सारखंच जोडलं. "आता हेल्मेट घालून बसा आणि ऐका."

गाणं सुरू झालं. पुरुषाच्या मागोमाग बाईचा आवाज उजवीकडूनच आला आणि तो एकदम निश्चल झाला. मग त्याने हेल्मेट काढलं.

"कसं कळलं?"

"मीठ घातलेल्या चहाला कोणी हो म्हणत नाही."

तो उतरून तिच्यासमोर आला. "लहानपणी तापात गेला डावा कान. माणूस समोर असला की ओठांवरून भागतं. एका ठिकाणी लग्न ठरत आलं होतं. कानाचं सांगितलं आणि मोडलं. तेव्हापासून सांगत नाही."

"आणि समोरच्याला कळलं तर?"

"कळायच्या आत पुढच्या कामावर निघतो. रस्ते काय, संपत नाहीत." त्याने हेल्मेट काखेत धरलं. "उद्याही निघतोय. पावसाळ्यापर्यंत तिकडेच."

ठिणगीने पाना उचलून आवळलेलेच स्क्रू पुन्हा आवळले.

सकाळी तो निरोप घ्यायला आला. गाडीवर सामान बांधलेलं, हेल्मेट मांडीवर. आत्याला आतल्या खोलीत अचानक महत्त्वाचं काम निघालं. ठिणगीने सामानाचा पट्टा उगाच ओढून पाहिला. हा आता गेला की पुढच्या गावी दुसऱ्या काउंटरला वळसा घालेल, पुन्हा काही सांगणार नाही... सांगायचं तर आत्ताच. पण समोर उभं राहून? छे! ती त्याच्या मागे गेली, डाव्या कानाशी वाकली. तिथे काहीही बोलावं, कुणाला कळणार नाही.

"तू नको ना जाऊस," ती हळूच म्हणाली. "गेलास तर परत ये. मला दोन्ही कानांसकट हवायस... त्या बंद पडलेल्यासकट."

मग त्याने उजवा कान तिच्याकडे वळवला.

"आता इकडे सांग."

"काय सांगू? मी कुठे काय बोलले?"

"'तू' म्हणालीस तिथपासून सगळं."

ठिणगीने दचकून पुढे पाहिलं. हँडलवरचा डावा आरसा रस्त्याकडे असायला हवा होता. तो चांगला आत वळवलेला होता आणि त्यात तिचाच चेहरा होता, ओठांसकट.

"लबाड! आरसा कधी वळवलास?"

"काल, मीठवाल्या चहानंतर. तू वायरी जोडत होतीस तेव्हा." त्याने मांडीवरचं हेल्मेट फिरवलं. "जायला लागेल गं, काम आहे. पण यावेळी रस्ता दोन्ही बाजूंनी मोजणार. जातानाही, येतानाही."

ती वाकली, आणि उजव्या कानात सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला थोडं जास्तच.

मग तिने स्वतःच्या हाताने आरसा रस्त्याकडे वळवला. "आता समोर बघून चालव. मागे इथे मी आहेच."