आयसी मावशीचा हात

शेकोटीत आता लाकूड घालू नका, आहे तेवढं पुरे. आणि ते फोनचे उजेड बंद करा बघू. ही गोष्ट उजेडात सांगायची नाही. का, ते पुढे कळेलच.

ओढ्याच्या वरच्या अंगाला राहतो ना हर्शेल स्टॅम्पर, त्याची ही गोष्ट. ऐकीव नाही. त्याने स्वतः आमच्या ओसरीवर बसून सांगितली. तीस वर्षं खाणीत राबलेला हा दांडगा माणूस, पण सांगताना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. शिवाय आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं परसदार सरळ दिसतं. चोंबडेपणा म्हणायचं तर म्हणा. एकट्या माणसाकडे कोणीतरी बघत असलेलं बरं.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीचा गुरुवार. सकाळीच त्याला टपाल कचेरीतून ट्विलाचा फोन.

"हर्शेल, ये रे बाबा लवकर. तुझी बाळं रडून रडून डोकं उठवतायत माझं."

"पोचली का?"

"पोचली म्हणजे! टपाल राहिलं बाजूला, जो येतोय तो खोक्याला कान लावून उभा राहतोय. दूध पाज येऊन त्यांना."

हर्शेल हसला आणि गाडी काढून गेला. खोक्यात टपालाने आलेली कोंबडीची पिल्लं, एका दिवसाची, भोकाभोकातून चोची बाहेर. ती मागवून दिली होती त्याच्या लेकीने, ओहायोहून, आणि तीही कुरकुरत. हर्शेलची बायको ओमा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून लेकीचं एकच टुमणं, "पप्पा, घराला कुलूप घाला आणि इकडे या." आणि ह्याचंही एकच उत्तर, "ओमाच्या कोंबड्या आहेत तोवर मी हलत नाही."

पण मार्चमध्ये एका रात्री खुराड्यात रॅकून शिरलं, रानमांजरासारखं चोरटं जनावर. सकाळी नुसती पिसं. वाचली ती एकटी काळी कोंबडी.

आणि ती खुडूक बसली. बसली कशावर, तर ओमाच्या चिनी मातीच्या अंड्यावर. नव्या कोंबड्यांना अंडी घालायची जागा कळावी म्हणून एक खोटं अंडं ठेवतात ना, त्यावर. दाण्याला तोंड लावेना, पाण्याला लावेना. उचलून बाहेर ठेवली की परत आत. तुरा फिकट पडत चालला होता. पोटाखाली पिल्लं आली तर ती उठणार, नाहीतर बसल्या जागी मरणार. ती मेली की घराला कुलूप. हर्शेलला हे लख्ख माहीत होतं. म्हणून तर पिल्लं.

आता खुडूक कोंबडीखाली परकी पिल्लं ठेवायची म्हणजे काळोखातच ठेवायला लागतात. उजेडात तिला कळतं, हे माझं नव्हे, आणि चोच मारून डोकं फोडते. अंधारात हळूच सरकवलं तर सकाळी तिला वाटतं, रात्रीतून फुटली, माझीच. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. माणसाचा आवाज आला की ती बिथरून उठते, आणि उठली की संपलं.

हे काम या खोऱ्यात कोणाचं होतं, आठवतंय का कोणाला?

बरोबर. आयसी मावशीचं.

काय गं? हो, तीच. अंगठ्याशेजारचं बोट अर्धं होतं तीच. मक्याचे दाणे काढायच्या यंत्रात गेलेलं, लहानपणी. पण काय हात होता! कसलीही खाष्ट कोंबडी असो, मावशीचा हात आत गेला की गप्प. पिल्लं आत, खोटं अंडं बाहेर, की झालं काम. ते अंडं बाहेर काढणं महत्त्वाचं. राहिलं तर कोंबडी अंडंच धरून बसते, पिल्लांकडे बघत नाही.

कोणीही बोलवा, मावशी ओढा ओलांडून यायची. घ्यायची काय, तर कपभर कॉफी. तिची एक रीत होती. पुरे झालं की कप बशीत उलटा घालायची. कप सुलटा असेल तर समजायचं, अजून ओता. बाई अजून बसणार आहे. ओमा होती तेव्हा तो कप तास न् तास सुलटाच असायचा. दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत आणि हर्शेल आतून ओरडायचा, "अगं, तिला घरी जाऊ दे की, का इथेच अंडी उबवायला बसवतेस?"

ओमा गेली आणि मावशीचं येणं थांबलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी, ऑक्टोबरात, मावशी एकदा संध्याकाळची त्याच्या दाराशी आली. धापा टाकत.

"काय रे हर्शेल, कोणी खुडूक बसलीय का?"

"नाही मावशी."

"बघितलंस का नीट?"

"नाही म्हटलं ना."

"बरं बरं. बसली तर सांग हो." आणि उभी राहिली थोडा वेळ. हर्शेल दारातच उभा. मग ती गेली.

आता पानं गळायला लागली की कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, हे आयसी मावशीला कोणी शिकवायचं? तिला ते ठाऊक नव्हतं होय?

फेब्रुवारीत मावशी वारली. दोन दिवस धुराड्यातून धूर नव्हता म्हणे. तिचं घर आमच्या खिडकीतून दिसत नाही.

असो. तर त्या गुरुवारी. वसंतात डॉगवुडचं झाड फुललं की थंडी एकदा मागे वळून येते, तशी आली. दुपारी ओला बर्फ पडला, तिन्हीसांजेला कुठेतरी तारेवर फांदी मोडली आणि वीज गेली. पिल्लांच्या खोक्यावरचा उबेचा दिवाही गेला. हर्शेलने खोकं लाकडाच्या स्टोव्हजवळ सरकवलं, पण तो स्टोव्ह पडला म्हातारा, एका बाजूला भाजतो आणि दुसरीकडे गारठा. पिल्लं आधी किंचाळत होती. मग चिवचिवायला लागली. मग एकेक गप्प व्हायला लागलं.

पिल्लं ओरडतात तोवर काळजी नसते, पोरांनो.

साडेनऊला हर्शेलने कॉफीचा शेवटचा घोट घेतला, कप टेबलावर ठेवला आणि पिल्लं सदऱ्यात, पोटाशी घेतली. आजवर हे काम त्याने केलेलं नव्हतं. नुसतं ओमाच्या तोंडून ऐकलेलं. उजेड नाही, आवाज नाही, एवढं लक्षात होतं. अंड्याचं तो विसरला.

खुराड्याच्या दाराशी त्याने बॅटरी विझवली. वाकून आत गेला. दार ओढून घेतलं.

मिट्ट काळोख. पेंढ्याचा वास. कोंबडीचं घशातल्या घशात गुरगुरणं.

त्याने चाचपडत कोंबडी बसायची ती पेटी शोधली. एक पिल्लू मुठीत घेतलं आणि मूठ तिच्या पोटाखाली सरकवली. आत भट्टीसारखी ऊब. कोंबडीने मनगटावर एक टोच मारली. ओठ आवळून त्याने सोसलं. पिल्लू सोडलं. हात बाहेर.

दुसरं घेतलं. हात आत घातला...

काहीतरी लागलं.

त्याला वाटलं, कोंबडीचा पाय. पण पाय खरखरीत असतो. हे मऊ होतं. सुरकुतलेलं. आणि गार. एवढ्या उबेत गार.

बोट होतं ते.

त्याच्या शेजारी दुसरं. तिसरं.

आणि एक... अर्धंच.

किंकाळी गळ्यापर्यंत आली होती. पण ओरडलं की कोंबडी उठणार. उठली की पिल्लं गेली. मग कोंबडी. मग घर. तो तसाच... हात आत... डोळे मिटून. मिटले काय, उघडे काय.

कोंबडीचं गुरगुरणं थांबलं होतं.

तो हात हलला. उताणा झाला. तळवा वर. कोणी काही मागावं तसा.

हर्शेलने मुठीतलं पिल्लू त्या तळव्यावर ठेवलं. का ठेवलं, त्याला आजही सांगता येत नाही. बोटं अलगद मिटली. पिल्लू आत गेलं.

आणि हात परत आला. उताणा.

आणखी एक दिलं. गेलं. हात परत.

आणखी एक...

असं किती वेळ, देव जाणे. शेवटचं पिल्लू ताठरलं होतं. मान लुळी. ते त्या हाताने खूप वेळ धरून ठेवलं. खूप वेळ. मग आतून बारीक... चिव.

सदरा रिकामा झाला.

तो हात गेला नाही. हर्शेलच्या हातावर तसाच राहिला. धरला नाही, दाबला नाही. नुसता... टेकलेला.

हर्शेलचे ओठ हलले. "मावशी." आवाज नव्हता त्यात. नुसते ओठ.

मग आत फक्त ऊब होती. पिल्लं. पेंढा.

तो चालत घरी आला. दाराला आतून कडी घातली. कडीखाली खुर्ची लावली. बुटांसकट अंथरुणात शिरला आणि गोधडी डोक्यावरून ओढली. रात्रभर कान स्वयंपाकघराकडे. काही वाजलं नाही. उंदीरसुद्धा नाही.

फटफटलं तेव्हा उठला. खुर्ची जागेवर. कडी जागेवर. टेबलाकडे न बघता, खाली मान घालून तो बाहेर पडला आणि खुराड्याचं दार उघडलं.

काळी उठली होती! पाण्याच्या भांड्याशी उभी, मान वर करून घटाघट पीत होती, आणि पायांत सगळी पिल्लं. ते ताठरलेलंही. हे आम्ही आमच्या खिडकीतून पाहिलं बरं का. हर्शेल तिथेच चिखलात गुडघ्यांवर बसला होता आणि टोपीने तोंड पुसत होता.

मग त्याला अंड्याची आठवण झाली. त्याने पेटी बघितली. पेंढा उचकटला. कोपरे चाचपले. अंडं नव्हतं.

तो घरात आला. स्टोव्ह विझलेला, किटली गार. टेबलावर त्याचा कप, रात्री ठेवला तसाच.

आणि समोर, ओमाच्या पलीकडे मावशी बसायची त्या जागी, फळीवरचा दुसरा कप. खाली बशी.

कपात ते चिनी मातीचं अंडं होतं. हर्शेलने हात लावला. गरम. आत्ता पोटाखालून काढावं, तसं.

कप सुलटाच होता.