शनिवारची गोळी

शुक्रवारी सकाळी साडेनऊला औषध निरीक्षक दुकानात आले, दुकान बंद करण्याचा हुकूम त्यांनी काउंटरवर ठेवला आणि केमिस्टबाईंना म्हणाले, "इथे सही करा. पेन असेल तर तेही द्या."

केमिस्टबाईंनी पेन दिलं. बस डेपोच्या फाटकासमोर त्या एकोणीस वर्षं औषधं विकत होत्या आणि एवढ्या काळात त्यांनी चिठ्ठीवर लिहिल्यापेक्षा एक गोळीही कुणाला जास्त दिली नव्हती. त्यांना याचा अभिमान होता. गिऱ्हाइकांना वैताग.

प्रकरण असं होतं. डेपोमागच्या ड्रायव्हर वसाहतीतल्या एक आजी मंगळवारी दुपारी बसल्या जागी कोसळल्या. इस्पितळात नेलं तेव्हा वरचा रक्तदाब दोनशे अठ्ठावीस होता. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डॉक्टरांनी विचारलं, रक्तदाबाची गोळी घेत होत्या का? घरच्यांनी एकसुरात सांगितलं, एक दिवस चुकला नाही. डॉक्टर म्हणाले, मग गोळीतच काहीतरी खोट असणार, आणि पुढच्या खाटेकडे वळले. आजींची मुलगी शाळेत गणित शिकवायची. तिने उत्तर काढलं आणि तक्रार ठोकली.

"गोळ्यांचा अहवाल कधी येईल?" बाईंनी विचारलं.

"चाळीस दिवसांत. घाई केली तर पन्नास."

निरीक्षक विनोद करत नव्हते. घाईच्या फायलीला दोन सह्या जास्त लागतात, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

चाळीस दिवस दुकान बंद म्हणजे कायमचं बंद, हे बाईंना कळत होतं. खोट्या गोळ्या विकणाऱ्या बाईकडे एक्केचाळिसाव्या दिवशी कोण येणार? पण त्याहून एक गोष्ट त्यांना जास्त टोचत होती. त्याच खोक्यातल्या गोळ्या आणखी तिघं खात होती आणि तिघांचेही आकडे ठीक होते. मग एकट्या आजींनाच गोळीने दगा का द्यावा?

निरीक्षकांना आजींच्या घरी उरलेल्या गोळ्या जप्त करायच्या होत्या. मी येऊ का, असं बाईंनी विचारलं. नियमात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं आणि येऊ नये असंही नव्हतं. निरीक्षकांनी थोडा विचार केला आणि पेन खिशात टाकून चालू लागले. पेन बाईंचं होतं.

दोन खोल्यांचं घर. दार सुनेने उघडलं. डोळे सुजलेले, पदराला हात पुसत. मुलगी आईचे कपडे पिशवीत भरत होती. बाईंना पाहून तिची मान ताठ झाली.

"हिला कशाला आणलंत?"

"त्या स्वतः आल्यात," निरीक्षक म्हणाले.

आतल्या खोलीत आजींचा मुलगा खुर्चीत बसला होता. पंचेचाळिशीचा, दांडगा, लांब पल्ल्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर. त्या दिवशी रजेवर होता. त्याने मान हलवली आणि खोकला. कोरडा, घशातल्या घशात. पाणी प्यायला, पुन्हा खोकला. रस्त्याची धूळ, असं आपणहून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

सुनेने कपाटावरून आजींचा गोळ्यांचा डबा काढला. पारदर्शक, सात कप्प्यांचा, प्रत्येकावर वाराचं नाव. निरीक्षकांनी तो टेबलावर ठेवला आणि पंचनामा लिहायला घेतला. जे दिसलं ते लिहायचं, हा त्यांचा बाणा. सोमवार ते शुक्रवार, कप्पे रिकामे. शनिवार, रविवार, प्रत्येकी एक गोळी. दोन गोळ्या जप्त.

"बघा," मुलगी म्हणाली. "आईने एक दिवस चुकवला नाही. आता सांगा, दोष कुणाचा?"

बाई डब्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सुनेला बाजूला बसवलं.

"डबा कोण भरतं?"

"मीच. दर रविवारी संध्याकाळी."

"आणि गोळी घ्यायची वेळ?"

"नाश्त्यानंतर. आठ वाजता."

"तुमच्यासमोर घ्यायच्या?"

पूर्वी घ्यायच्या, सून म्हणाली. पण गेले दोन-अडीच महिने सासूबाई भल्या पहाटे उठायच्या. ती सहाला उठून स्वयंपाकघरात यायची तेव्हा कप्पा रिकामाच असायचा. विचारलं की म्हणायच्या, घेतली गं, किती पाळत ठेवशील.

"तब्येत कशी होती?"

"डोकं दुखायचं अधूनमधून. पण खोकला गेला होता ना. तीन वर्षं खोकत होत्या. शेजारचे म्हणायचे, तुमच्याकडे घड्याळ नको, आजी आहेत. तो एकदम थांबला. आम्हाला वाटलं, सुधारतायत."

आतून ड्रायव्हर खोकला.

"यांना कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील. पायही सुजतात. बूट घालवत नाहीत, दिवसभर चपलाच."

बाई उठल्या. कोपऱ्यातल्या फळीवर आजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. ते घेऊन त्या ड्रायव्हरसमोर बसल्या. हात पुढे करा, म्हणाल्या. तो म्हणाला, मला काय झालंय? बाई म्हणाल्या, तेच बघायचंय.

मुलगी संतापली. आई तिकडे मरणाच्या दारात आणि ही बाई इकडे आरोग्य शिबिर भरवते आहे. निरीक्षकांनी मात्र पेन उघडून ठेवलं. आकडा दिसणार असेल तर तो लिहायचा.

पट्टा फुगला, सुस्कारा टाकून सैल झाला. एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "औषध छान लागू पडलंय."

"तो कुठलंच औषध घेत नाही," मुलगी म्हणाली.

"साहेब, पंचनाम्यातलं डब्याचं वाक्य जरा मोठ्याने वाचा."

निरीक्षकांनी वाचलं. सोमवार ते शुक्रवार, कप्पे रिकामे.

"आजी कधी पडल्या?"

"मंगळवारी दु…" निरीक्षकांचं वाक्य तिथेच अडलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. अक्षर त्यांचंच होतं.

"मंगळवारी दुपारपासून आजी इस्पितळात आहेत," बाई म्हणाल्या. "तोंडातून पाणीही जात नाही. मग बुधवारची गोळी कुणी घेतली? गुरुवारची? आजची?"

मुलीने पिशवी खाली ठेवली. आता ती बाईंकडे बघत नव्हती.

बाईंनी आवाज न चढवता सगळं उलगडून सांगितलं. ही गोळी काही जणांना कोरडा खोकला लावते. आजींना लावला होता. डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या, असं बाई स्वतः आजींना सांगून थकल्या होत्या. आजी म्हणायच्या, खोकल्याची सवय झाली. गोळी थांबली की आठवड्या-पंधरवड्यात खोकला जातो, तसा आजींचा गेला. ज्याच्या पोटात ती जायला लागली त्याला लागला. त्याच गोळीत दुसरंही एक औषध मिसळलेलं आहे, त्याने काहींचे पाय सुजतात. ड्रायव्हर साहेब चपला घालून बसलेत. आणि कप्पा रिकामा व्हायचा सहाच्या आत. या घरात सहाच्या आत ड्यूटीवर कोण जातं?

"दादा," मुलगी म्हणाली. एवढंच.

ड्रायव्हर पट्ट्याकडे बघत बोलायला लागला. अडीच महिन्यांपूर्वी डेपोच्या तपासणीत त्याचा रक्तदाब एकशे शहात्तर भरला होता. पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी, उतरला नाही तर स्टिअरिंग बंद. गोळी चालू असल्याचं कळलं तरी स्टिअरिंग बंद. मग शेडमध्ये गाड्या धुवायच्या. ज्याला गाडी चालवायची असेल त्याने गोळीशिवाय बरं व्हावं, असा एकंदर नियम.

"आईला सांगितलं. पहिल्या दिवशी तिनेच हातावर ठेवली. म्हणाली, पंधराच दिवस ना, मला काही होत नाही."

"पंधराचे अडीच महिने कसे झाले?"

"तपासणी तीनदा पुढे गेली. डेपोचे डॉक्टर आजारी रजेवर होते." त्याने पट्टा दंडावरून सोडवला. "आता उद्या आहे."

"दुकानात आणखी गोळ्या मागायच्या होत्या."

"मागितल्या होत्या. आईच्या नावाने, दहा जास्त. तुम्ही म्हणालात, चिठ्ठी आणा."

बाईंना आठवलं. त्यांनी तसंच म्हटलं होतं, मागे रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग उरलेला प्रश्न विचारलाच, कारण तो विचारल्याशिवाय दुकान उघडणार नव्हतं.

"मंगळवारपर्यंत आईने हातावर ठेवली. त्यानंतर?"

सून भिंतीला टेकली.

"त्यानंतर कुणी ठेवली?"

"मीच घेतली," ड्रायव्हर म्हणाला. "डॉक्टर विचारत होते तेव्हाही माहीत होतं मला. एक दिवस चुकला नाही, हे मीच सगळ्यांत आधी सांगितलं. शनिवार होऊन जाऊ दे, मग बोलेन, असं ठरवलं होतं."

मुलीने त्याच्या तोंडात मारली. मग स्वतःच खाली बसली.

निरीक्षकांनी ड्रायव्हरला विचारलं, तुमचं नाव जबाबात घालावं लागेल, चालेल का? चालण्या-न चालण्याचा प्रश्नच नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. गोळी खरी आहे याचा पुरावा म्हणजे एकशे चोवीसचा आकडा, आणि तो ज्याच्या दंडाचा होता त्याच्या नावाशिवाय त्याला अर्थ नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, लिहा.

निरीक्षकांनी दुकान बंद करण्याचा हुकूम मागे घेतला. निघताना बाईंनी सुनेला आत बोलावून सांगितलं, यांची गोळी आता बंद करू नका, आजच डॉक्टरांकडे न्या आणि यांच्या नावाने चिठ्ठी घ्या. सून म्हणाली, आता नाव लपवून तरी काय मिळणार.

दुपारी साडेतीनला दुकान उघडलं. जबाबाची बातमी डेपोत पोचली आणि सोमवारी ड्रायव्हर शेडमध्ये गाड्या धुवायला लागला. आजींची वाचा आली नाही. मुलगी संध्याकाळी इस्पितळात बसायची, दादा आला की उठून जायची. खोट्या गोळ्यांची अफवा आठवड्यात विरली. बाई सुटल्या, असं सगळे म्हणाले.

त्यानंतरच्या महिनाअखेरीला बाईंच्या लक्षात आलं की नेहमीची रांग लागलेली नाही. त्यांनी चिठ्ठ्यांची वही काढली. वसाहतीत रक्तदाबाच्या गोळ्या नेणारी चौदा नावं होती. नऊ आया, तीन सासवा, एक मावशी, एक मोठी वहिनी. ड्रायव्हर एकही नाही. एकोणीस वर्षं त्या हेच वाचत होत्या आणि वसाहतीतल्या पुरुषांची प्रकृती चांगली आहे, असं समजत होत्या.

ड्रायव्हर शेडमध्ये गेल्यापासून चौदापैकी एकीनेही गोळ्या नेल्या नव्हत्या.

बाईंनी फोन उचलला आणि यादीतल्या पहिल्या आईला लावला. गोळ्या संपल्या असतील ना, कुणाला तरी पाठवा, चिठ्ठी नसली तरी बघू, असं त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

पलीकडची म्हातारी म्हणाली, गोळ्या नकोत ताई, मला आता अगदी बरं वाटतंय.

"आणि मुलगा?" बाईंनी विचारलं. "मुलगा कुठे आहे?"

"गाडीवर," म्हातारी म्हणाली. "आज घाटातली ड्यूटी आहे त्याची."