मुग्धाचा आवाज कुठे अडकला?

"आता तरी आलाय का बघ ना!" सिद्धीने ध्रुवच्या पाठीत कोपर मारलं.

"अगं, आत्ताच बघितलं की!" ध्रुव वैतागला, पण त्याने पुन्हा बघितलं. टॅबच्या स्क्रीनवर कमल होती, पवन आणि नमन होते, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली कोणी सुनीता होती. मुग्धा नव्हती.

बंगळूरमधल्या के. आर. पुरमच्या मराठी मंडळात उन्हाळी सुट्टीचं शिबिर चाललं होतं. सकाळी कोडिंगचा वर्ग, दुपारी कॅरम आणि भांडणं! उद्या शेवटच्या दिवशी 'गावाकडचे आवाज' हा कार्यक्रम होता. गावाकडच्या माणसांनी मंडळाच्या वेबसाइटवर नुसतं पहिलं नाव लिहायचं, आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, आणि तो इथे हॉलमध्ये सगळ्यांना ऐकवायचा.

सिद्धी दिवाळीनंतर नागपूरहून इथे आली. आपण जाणार हे तिने जिवलग मैत्रिणीला, मुग्धाला, अगदी शेवटच्या दिवशी सांगितलं. मुग्धा अशी भडकली की बोललीच नाही! तेव्हापासून फोन करायचा सिद्धीला धीरच होत नव्हता. कार्यक्रमाची लिंक मात्र तिने पाठवली होती. आवाज आला तर कट्टी संपली. नाही आला तर? पुढचा विचार तिला करवत नव्हता. जिन्यात कोणी मोठ्याने हसलं की आजही तिला मुग्धाच वाटायची, आणि मग दिवसभर कशातच मन लागायचं नाही.

"माझे पद्मनाभ आजोबापण नाहीत यात," ध्रुव म्हणाला. "आणि ते शपथेवर सांगतात, पाठवलाय म्हणून! पुण्याहून फोन करून करून डोकं खाल्लंय माझं."

"अय्यो! मग गडबड इथंच आहे," भव्या म्हणाली. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड कधी घुसेल याचा नेम नसे. "माझा हुबळीचा मामेभाऊ नमन मात्र बरोबर पोहोचला. तो कसा?"

तिघं सुशांतकाकांकडे धावली. वेबसाइट त्यांनीच बनवली होती. आयटीतला माणूस, मान कायम लॅपटॉपमध्ये!

"फालतू जाहिराती फार यायच्या," काका मान वर न करता म्हणाले. "नावात आकडे काय, डॉलर काय! म्हणून चाळणी लावली. नावातलं एकेक चिन्ह तपासायचं, अक्षर आहे का? एक जरी नसलं तरी तो आवाज थेट कचरापेटीत. आणि पेटी आज संध्याकाळी आपोआप रिकामी होणार. माझा कोड चुकत नाही! तुझी मैत्रीणच विसरली असेल गं."

सिद्धीचा चेहरा पडला. भव्याने तिला हाताला धरून बाहेर ओढलं.

"चाळणी तर आपणपण वर्गात केली की!" ध्रुव एकदम थांबला. त्यांचा प्रोग्रॅम शब्दातलं प्रत्येक चिन्ह अक्षर, अंक की इतर, ते सांगायचा. ध्रुवने टॅबवर 'कमल' टाइप केलं. अक्षर, अक्षर, अक्षर. मग त्याने 'मुग्धा' टाइप केलं.

म, अक्षर. उकार, इतर! ग, अक्षर. त्याचा पाय मोडणारी खूण, इतर! ध, अक्षर. काना, इतर!

"हा कोड काना-उकारांना अक्षरच मानत नाही!" ध्रुव ओरडला. "कमल, पवन, नमन! बघा, सगळी नावं साधी सरळ!"

"म्हणजे मुग्धाने पाठवला असेल?" सिद्धीने विचारलं. "आणि संध्याकाळी तो पुसला जाणार? चला, काकांना सांगूया!"

"ते कसले ऐकताहेत!" भव्याने डोळा मारला. "त्यांनाच चाळून काढू."

तिघं पुन्हा आत गेली. "काका, उद्या स्वागताला तुमचाच आवाज हवा!" भव्या साखरपेरणी करत म्हणाली. "साइटवरून पाठवा ना, प्लीज!"

काका खूश! घसा खाकरून त्यांनी झकास स्वागत रेकॉर्ड केलं, नाव लिहिलं, 'सुशांत'. 'धन्यवाद! आपला आवाज मिळाला,' असं स्क्रीनवर झळकलं.

"आता आलेल्या आवाजांत दाखवा," ध्रुव म्हणाला.

काकांनी पान उघडलं. पुन्हा उघडलं. "अरे? असं कसं?"

"पाठवायला विसरला असाल, काका!" भव्या म्हणाली.

ध्रुवने आपला प्रोग्रॅम समोर धरताच काकांनी कपाळावर हात मारला. "मी फक्त इंग्रजी नावंच तपासली होती रे!" त्यांनी घाईघाईने कचरापेटी उघडली. सुशांत, पद्मनाभ, मुग्धा, राजश्री, मुग्धा, पुन्हा मुग्धा!

आरडाओरडा ऐकून मंडळाच्या अध्यक्ष राजलक्ष्मीअक्का धावत आल्या. सगळा प्रकार कळल्यावर त्यांनी तिघांची पाठ थोपटली. "शाब्बास, मक्कळे! पोरांनो, माणसं परत आणलीत तुम्ही. आणि सुशांत, तू स्वल्प या मुलांच्या वर्गाला बसत जा!"

"चुकलंच माझं," काका ओशाळून म्हणाले आणि त्यांनी हेडफोन सिद्धीला दिला. तिने सगळ्यात शेवटचा आवाज लावला.

"सिद्धे, तू उत्तर का नाही देऊन राहिली गं? रागावलीस? तुझ्या जागेवर मी वर्ष संपेपर्यंत कोणाला बसू दिलं नाही. बाई किती ओरडल्या! आता नव्या वर्गात मी कोणाजवळ बसू?"

सिद्धीने हेडफोन काढून टेबलावर टाकला. काकांचाच फोन उचलून पाठ असलेला नंबर लावला. पहिल्या रिंगला कोणीतरी उचलला.

"मुग्धे, मी..."

"इतके दिवस कुठे मेली होतीस?" मुग्धा इतक्या जोरात ओरडली की ते सगळ्यांना ऐकू गेलं. सिद्धी हसायला लागली, मग रडायला, आणि रडता रडताच चाळणीची सगळी गोष्ट सांगू लागली.