बर्फावरची खटखट

उर्वेला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. गाईच्या श्वासावरून तिचं दुखणं ओळखणारी बाई ती. त्या आठवड्यात समुद्र गोठला, हियूमा बेटावरून पलीकडे जाणारी बोट धक्क्यालाच अडकली, बर्फावरून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि त्याच दिवशी तिच्या जुन्या डिझेल गाडीच्या इंजिनात खटखट सुरू झाली.

एरवी तिने तिकडे ढुंकून पाहिलं नसतं. डिझेल गाडी म्हणजे म्हातारा नवरा, कुरकुर करायचाच. पण लेकीचे, मारेतचे दिवस भरत आले होते. पोटात बाळ आडवं होतं. पलीकडच्या हाप्सालू गावच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर निक्षून सांगितलं होतं, उद्याच्या उद्या येऊन दाखल व्हा, कळा सुरू झाल्यावर बर्फावरून यायचा विचारही करू नका.

बर्फावर गाडी थांबवायची नसते. थांबलेल्या गाडीखाली बर्फ वाकायला लागतं. मधेच इंजिन बंद पडलं तर...

पुढचा विचार तिने केला नाही. दुपारी गाडी काढली आणि सरळ दिराच्या गॅरेजात नेऊन उभी केली.

काल्यो, तिचा दीर, काळ्या ब्रेडवर धुरी दिलेला मासा ठेवून खात होता. खाता खाताच त्याने कान टवकारले.

"एक्झॉस्टचा पत्रा सुटला असेल, वहिनी."

"पत्रा मीच आवळला काल. तारेने बांधलासुद्धा. पत्रा नाही तो."

"मग तूच मिस्त्री झालीस की! मला कशाला उठवलंस?"

"गिळा आधी नीट. मग बोला, भाऊजी."

त्याने हात पुसले, बॉनेट उघडलं. उर्वे आत बसून पायाने रेस देत होती. बसल्या बसल्या तिने सवयीने सीटचा पट्टा ओढून कमरेशी अडकवला. तिचा नवरा एंदेल डांबरी रस्त्यावर, पट्टा न लावल्यामुळे, काचेतून बाहेर फेकला गेला होता. तेव्हापासून या बाईचा पट्टा आधी आणि देव नंतर.

"गॅरेजात पट्टा?" काल्यो हसला. "भिंत चालून येणार आहे का अंगावर?"

"तुम्ही तुमचं काम करा."

त्याने लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतो तसं तो एकेक ठिकाण ऐकत गेला. पंपाला लावून पाहिलं. फॅनबेल्टच्या पुलीला लावून पाहिलं. मग पाना घेऊन त्याने इंजेक्टरच्या नळीचा एक नट सैल केला. डिझेल फसफसलं, इंजिन लंगडायला लागलं. ज्या सिलिंडरमध्ये दोष असतो त्याचं डिझेल तोडलं की आवाज बदलतो, हे काल्यो बापाकडून शिकला होता.

आवाज बदलला नाही. त्याने तो नट आवळला, दुसरा सोडला. मग तिसरा. गॅरेजभर डिझेलचा उग्र वास भरला. बाहेर लवकर अंधारून आलं होतं.

"चारही सोडतो," तो म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू आता गेलं होतं.

नट सुटले. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते मेलं.

खटखट मेली नाही.

खट... खट... खट. सावकाश. थकल्यासारखी. इंजिनाच्या गोंगाटात ती पुढून येतेय असं वाटत होतं. आता शांततेत कळलं, ती पुढून येतच नव्हती.

"वहिनी, हलू नकोस." काल्यो स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी आला. सीटच्या पायाला टोक लावून त्याने ऐकलं. मग टोक वर सरकवत तिच्या कमरेजवळ आणलं, आणि पट्ट्याच्या कुलपाशी थांबला.

"पट्टा सोड."

तिने लाल बटण दाबलं. पट्टा सुटला. गॅरेजात चिडीचूप झालं.

"लाव परत."

तिने लावला. खट... खट...

"सोड, सोड!"

त्याने ते कुलूप बोल्टसकट उपसून काढलं आणि बाकावर आपटलं. आतून काळा चिखल पडला. त्यात समुद्रातल्या गवताची कुजकी काडी होती आणि नखाएवढा एक शिंपला.

काल्योने शिंपला बोटाने उलटा केला.

"शरदात घेतलीस ना ही? विकणारा काय म्हणाला होता?"

"म्हातारीची गाडी म्हणाला. फक्त चर्चला जायची."

"ही चर्चला नाही, तळाला जाऊन आलीय." काल्योने आवाज उतरवला. "मागे एकदा शहरातला एक माणूस बर्फावर पट्टा लावून आला होता. डांबरी रस्त्याची सवय. आपण का पट्टा उघडा ठेवतो बर्फावर? गाडी बुडाली तर उडी मारता यावी म्हणून. त्याला वर काढला तेव्हा बसल्या जागी बसलेला होता म्हणतात. अंगठा बटणावर. पाण्यात ते बटण गोठलं होतं..."

"बास करा. पोरीसमोर हे बोलायचं नाही. तुमचा टेम्पो द्या मला."

"जड आहे. बर्फावर सोडत नाहीत. वहिनी, याच गाडीने जा, इंजिन ठणठणीत आहे. पण पट्टा लावू नकोस. एंदेलची शपथ आहे तुला."

कुलूप धुऊन, तेल घालून त्याने परत बसवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. पांढरंफेक, डोळ्यांना टोचणारं. बर्फाच्या तोंडाशी पहारेकऱ्याने काचेत डोकं घातलं.

"पट्टे उघडे? शाब्बास. पंचवीसच्या खाली चालवा नाहीतर चाळीसच्या वर. मधल्या वेगात नको, बर्फाखाली लाट उठते. आणि थांबायचं नाही, मावशी."

"मावशी असेल तुझी आजी," उर्वे म्हणाली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

किनारा मागे गेला. रस्ता दाखवायला दोन्ही बाजूंना रोवलेल्या फांद्या, बाकी सगळं कोरं. चाकांखाली बर्फ कण्हत होतं. पट्टा नसलेला खांदा उर्वेला खायला लागला. तिला काच दिसत होती, आणि काचेपलीकडे फेकला गेलेला एंदेल. हात आपोआप गेला. खट्. पट्टा बसला.

"आई! काका काय म्हणाले होते?"

"काकाला काय जातंय बोलायला? तूही लाव."

"मी नाही लावणार." मारेतने दोन्ही हात पोटावर ठेवले. मग हळूच म्हणाली, "आई... तो आवाज..."

खट... खट... खट.

आवाज ऐकायला उर्वेचा पाय आपोआप रेसवरून उचलला गेला. आयुष्यभर ती असंच करत आली होती. काही वाजलं की हळू व्हायचं, कान द्यायचे. काटा चाळिसाच्या खाली आला. तिच्या ध्यानातच आलं नाही.

गाडी झोपाळ्यासारखी वर उचलली गेली आणि खाली आली. बर्फ खोलवर कडाडलं. समोर एक काळी रेघ धावत गेली आणि तिच्यातून पाणी फुटलं.

"आई, दार उघड!"

उर्वेने एका हाताने दार ढकललं, दुसऱ्याने बटण दाबलं. सुटेना. पट्टा छातीवर आवळत होता. गाडीत कुजक्या समुद्रगवताचा वास भरला. तिने परत दाबलं, जीव खाऊन दाबलं, आणि तेव्हा तिला कळलं की बटण तिच्या बोटाला लागतच नाहीये. तिच्या अंगठ्याखाली आणखी एक अंगठा होता. थंडगार, फुगलेला. तोही दाबत होता.

"सरक!" ती किंचाळली. "सरक मेल्या, माझी पोर आहे इथे!"

अंगठा सरकला.

पट्टा सुटला. खटखट थांबली. उर्वेने रेस पार तळाशी दाबली. मागचं चाक कशात तरी घसरलं, पाणी काचेवर उडालं आणि गाडी उसळून पुढे गेली. पलीकडच्या किनाऱ्याची झाडं दिसेपर्यंत तिने काटा चाळिसाच्या खाली येऊ दिला नाही.

इस्पितळात मारेतला लगेच आत घेतलं. बाळाचे ठोके उत्तम, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उर्वेने कॉफी घेतली. मग लेकीची पिशवी गाडीतच राहिल्याचं तिला आठवलं.

बाहेर अजून ऊन होतं. अंगणात गाड्या रांगेने उभ्या, माणसं येत-जात होती. तिची गाडी कडेला होती. चावी तिच्या खिशात होती, इंजिन कधीच थंड पडलेलं.

लांबूनच तिला आवाज ऐकू आला.

ती काचेपाशी गेली. चालकाच्या सीटवर पट्टा लावलेला होता. तिने तर तो सोडून टाकला होता. आणि पट्टा सीटला टेकलेला नव्हता. मधे माणसाच्या छातीएवढी जागा सोडून तो ताणून उभा होता.

उर्वेने काचेवर मूठ आपटली.

"अरे बाबा, जमीन आली," ती म्हणाली. रागाने नाही, काकुळतीने. "किनारा लागला... उतर आता."

आवाज थांबला. आतलं काहीतरी कान देऊन ऐकत होतं.

मग कमरेशी ते लाल बटण कोणी न दाबता आत गेलं. वर आलं. परत आत गेलं. घाईघाईने आत जात राहिलं, वर येत राहिलं. पट्टा मात्र सुटत नव्हता.