नेवाशाच्या समुद्रातली कवळी

मानवजातीच्या इतिहासात माणूस नेहमी समुद्राकडे गेला. समुद्राला आपल्याकडे आणणारे पहिले पुरुष म्हणजे काकासाहेब. त्यांनी तो नेवासा तालुक्यात आणला, त्याचं नाव ‘सुवर्णसागर’ ठेवलं आणि काठावर वाळू, ड्रममधले सात नारळ व तिकीटघर उभं केलं. आला तेव्हा समुद्र साडेतीन एकर होता. एप्रिलात तो दोन एकर उरला होता आणि त्यात म्हशी बसत होत्या.

याच समुद्रावरून सकाळी सव्वादहाला शहजादी पठाण यांना फोन आला.

शहजादीबाई अहिल्यानगरच्या खासगी गुप्तहेर. निम्मं काम लग्नाच्या स्थळांची चौकशी करण्याचं, त्यामुळे कुणाचाही पगार आणि उंची त्या सांगितल्यापेक्षा कमीच धरत. त्यांचे सहायक गोरक्षनाथ सर हे निवृत्त भूगोल शिक्षक. ते गाडी चालवत आणि निष्कर्ष काढत. गाडी बरी चालवत.

दोघे नेवाशातच एका स्थळाच्या शेजाऱ्यांकडे चहा पीत होते. वीस मिनिटांत समुद्रावर पोहोचले.

फाटकावर अलिझा उभी होती. वय चोवीस. कोकणात जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकून आलेली, सुवर्णसागरची एकुलती एक प्रशिक्षक. तिच्या ट्रॅकसूटची सकाळची इस्त्री अजून मोडली नव्हती.

“आपा, बारापर्यंत दात सापडले नाहीत तर मला काढून टाकणार. वर मी शिकले तिथं कळवणार, की पोरगी चोर आहे म्हणून. मग मला कुठल्याच किनाऱ्यावर कुणी उभं करणार नाही.”

“कुणाचे दात?”

“काकासाहेबांचे. वरचे, खालचे, दोन्ही.”

गोरक्षनाथ सरांनी वही काढली आणि तारीख घातली.

हकीकत अशी. काकासाहेबांच्या दिवंगत वडिलांचा सिमेंटचा अर्धपुतळा तीन आठवड्यांपूर्वी पाण्यात सोडला होता. काठापासून थोडा आत, नऊ फूट खोल. चौथरा चांगला उंच आणि ऐसपैस, कारण त्यावर काकासाहेबांचीही माहिती कोरायची होती. आज दुपारी एक वाजता काकासाहेब स्वतः पाठीला हवेचा सिलिंडर बांधून काठावरून पाण्यात चालत जाणार, तळाशी वडिलांना हार घालणार आणि वर येऊन भाषण करणार होते. पण हवेची नळी दातांत धरावी लागते. दात नाहीत तर डुबकी नाही.

“संशय तुझ्यावरच का?”

“काल मी त्यांना म्हटलं, वय एकाहत्तर आहे, डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर मी उतरवणार नाही. शंभर लोकांसमोर म्हटलं.”

“किती होते?”

“चार. पण काकासाहेब शंभरांइतके चिडले.”

“चोरीच्या वेळी तू कुठे होतीस?”

“सामानाच्या खोलीत. एकटी. सकाळपासून पाण्यात पाय नाही घातला मी.”

काकासाहेब तंबूत बसले होते. दातांविना त्यांचं बोलणं सगळं वाऱ्यावर जात होतं, म्हणून पत्नी मनकर्णाबाई अर्थ सांगत होत्या. काकासाहेब दोन मिनिटं हातवारे करून बोलले.

“नऊला प्राणायामाला बसले,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “दात काढून वाटीत ठेवले, डोळे मिटले. साडेनऊला उघडले, तर वाटी रिकामी.”

“एवढंच म्हणाले?”

“बाकीचं समाजाबद्दल हुतं.”

“तुम्ही कुठे होता, मनकर्णाताई?”

“तिकिटाच्या खिडकीपाशी, पाहुण्यांना चहा देत. आन् माझं नुकसान कोन भरनार? तंबूमागं, पानकनसांच्या कडंला कुरडया वाळत घातल्या हुत्या. फुकटचं ऊन, फुकटची वाळू. साडेनऊला बघते तर एका बाजूनं ओल्याचिंब! आठ दिवसांचं काम.”

“आभाळातून काही पडलं असेल,” सर म्हणाले.

“या आभाळातून?” मनकर्णाबाईंनी वर बोट केलं. वर फक्त ऊन होतं.

बाहेर आल्यावर सरांनी आवाज खाली घेतला. “बाईच चोर. नवऱ्यानं बुडू नये म्हणून.”

पण मनकर्णाबाईंचे कान तिखट होते. “मास्तर, मला तेवढी काळजी असती तर तीस वर्सांपूर्वीच पाडले असते. तवा खरे हुते.”

सरांनी वहीतली एक ओळ खोडली.

काकासाहेबांचा पुतण्या हर्षल काठावर फ्लेक्स बांधून घेत होता. डुबकीचा काळा पोशाख आणि पाणबूट अजून अंगावरच होते. पुतळा बसवणं, पत्रिका, मंडप, सगळं त्याच्याकडे.

“मी नऊ ते साडेनऊ पाण्याखाली, मॅडम. आजोबांचा पुतळा पुसत होतो. माझे बुडबुडे सगळ्यांनी बघितलेत.”

“पुतळा कसा आहे?”

“झकास! आजोबा हसतायत असं वाटतं.”

“अलिझानं पाहिलाय?”

“छे. तिथं लाल फुगे लावलेत, कुणी जायचं नाही. पहिलं दर्शन काकांचं.”

शहजादीबाई सामानाच्या खोलीत गेल्या. अलिझानं हर्षलचा सिलिंडर दाखवला. काटा शून्यावर होता.

“पूर्ण वापरला,” सर कौतुकानं म्हणाले. “हल्लीची मुलं अर्धवट टाकतात.”

“नऊ फुटांवर हा किती वेळ पुरतो?” बाईंनी विचारलं.

“सव्वा तास तरी. मी त्याला एकट्यानं जाऊ नको म्हटलं होतं. मालकांचा पुतण्या, ऐकतोय कशाला?”

शेवटी राहिला भिमाजी. चार म्हशींचा मालक, बाभळीखाली बसून पाण्याकडे बघणारा. तिकीट न काढता समुद्र बघणारा तालुक्यातला एकमेव माणूस.

“भिमाजी, सकाळी बुडबुडे पाहिलेत?”

“व्हय की. लई. मोटर चालू केल्यावर पाइपातनं यावं तसं एकसारखं. मधी खंड म्हनून न्हाई.”

“जागा बदलत होते?”

“कशाला? तितंच.”

“आणि ती म्हैस? इतक्या खोलात पोहतेय?”

“पवत न्हाई बाई, हुबी हाय.” भिमाजीनं अभिमानानं लाल फुग्यांकडे हात केला. “तितं पान्याखाली सपाट ओटा हाय. आमची चंद्री त्येच्यावर जाऊन ऱ्हाती. आदी न्हवता, तीन हप्तं झालं.”

“निसर्गाची किमया,” सर म्हणाले.

“गाळाची,” शहजादीबाई म्हणाल्या. “चला. पावणेबारा झाले.”

मंडपात सगळे जमले. काकासाहेब मधल्या खुर्चीत, रुमाल तोंडावर. अलिझा खांबाला टेकून उभी. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

“चोर ओला होता,” शहजादीबाईंनी सुरुवात केली. “असल्या उन्हात तंबूमागच्या कुरडया भिजल्या, त्या कुणीतरी निथळत तिथून गेलं म्हणून. अलिझाच्या कपड्यांची इस्त्री शाबूत आहे. मनकर्णाताई कोरड्या, भिमाजी कोरडा. सकाळी ओला माणूस एकच.”

“पण तो पाण्याखाली होता,” सर म्हणाले. “बुडबुडे—”

“सर, श्वास घेऊन दाखवा.”

सरांनी घेतला.

“आता सोडा. घेताना हवा आत, सोडताना बाहेर. पाण्याखालच्या माणसाचे बुडबुडे थांबून थांबून येतात आणि माणूस हलला की तेही हलतात. भिमाजीनं पाहिले ते अर्धा तास एका जागी, विनाखंड. तिथं श्वास घेणारं कुणी नव्हतं. सिलिंडर पुतळ्याला बांधून नळी थोडी उघडी सोडली होती. म्हणून सव्वा तासाची हवा अर्ध्या तासात संपली. हर्षल एका दमात पाण्याखालून काठच्या पाणकणसांपर्यंत गेला, त्यांच्या आडून तंबूमागून आला आणि डोळे मिटलेल्या काकांसमोरून वाटी रिकामी केली.”

“मी का करीन?” हर्षल ओरडला. “हा कार्यक्रम माझाच आहे!”

“डोकं वर आणि चौथरा खाली असेल, तर पुतळ्यावर म्हैस उभी राहील का, हर्षल?”

सरांनी वही उलटी धरून पाहिली.

“तिला पाय टेकायला सपाट जागा मिळाली, म्हणजे चौथरा वर आहे. आजोबा खांद्यापर्यंत गाळात आहेत. लाल फुगे त्यासाठीच. आज काका खाली उतरले असते, तर त्यांना वडील दिसले असते, पण हार घालायला गळा सापडला नसता.”

हर्षल खुर्चीत बसला. “दोर निसटला,” तो पुटपुटला. “क्रेनवाला निघून गेला होता. मी काकांना म्हटलं, बसला नीट. एकदा म्हटल्यावर मग... मी संध्याकाळी दात परत ठेवणार होतो.”

“आणि हिची नोकरी? ती कोण परत ठेवणार होतं?”

हर्षलनं डावा पाणबूट काढला, उलटा केला. आधी पाणी पडलं, मग वाळू, मग काकासाहेबांचे दात.

“जिवंतपणी कधी कुणापुढं मान खाली घातली न्हाई मामंजींनी,” मनकर्णाबाई म्हणाल्या आणि दात धुवायला घेऊन गेल्या.

दात बसल्यावर काकासाहेब उठले. तीन तासांचं साठलेलं होतं.

“अलिझा, बेटी,” ते म्हणाले, “मी तुझा गुन्हेगार आहे. वडील सरळ होतील तेव्हा होतील. आजपासून तू सुवर्णसागरची प्रमुख! पगार दीडपट! मी डॉक्टरचं प्रमाणपत्र आणतो, आणि पाण्याखाली पहिला सत्कार होईल तो तुझा! शाल, श्रीफळ, बँड! या समुद्राच्या लाटांवर तुझं नाव कोरलं जाईल! माग, अजून काय हवं ते माग!”

मंडपात टाळ्या झाल्या. सरांचे डोळे पाणावले.

अलिझानं पहिल्यांदाच घड्याळावरून नजर काढली.

“सत्कार नको, काका. चार दिवस सुट्टी द्या. समुद्रावर जाऊन येते.”