सेमिनरीची सुकी विहीर

"अरे देवा, हा दरवाजा उघडायचा तरी कसा? कसा...? कसा?"

जुईनं तिसऱ्यांदा दरवाजा ढकलला आणि तेवढ्यात तिच्या डोक्यावर अलगद छत्री आली. पाऊस तसा नावालाच होता. नागासाकीकडच्या त्या टेकडीवर ऑक्टोबरमध्ये पडतो तसला, केस ओले करील पण ओढणी भिजवणार नाही असा. तिनं वळून पाहिलं. मागे एक उंचापुरा तरुण उभा होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, खांद्यावर मोजणीची तिपाई, आणि हातात कोंबिनीच्या दुकानात मिळते ती पारदर्शक छत्री.

"दोझो," तो झुकून म्हणाला. "कसा."

"तेच तर विचारतेय ना! कसा?"

"हाई. कसा." त्यानं छत्रीची मूठ तिच्या हातात दिली सुद्धा.

मग कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. जपानीत 'कसा' म्हणजे छत्री! आता हसावं की रडावं?

"अहो, छत्री नव्हते मागत मी, हा दरवाजा..." ती मराठीतच बोलून गेली आणि जीभ चावली.

तो मात्र डोळे विस्फारून बघत राहिला. "तू मराठी? अरे! मला वाटला तुला छत्री पाहिजे. बघ, तू किती भिजला!"

पहिल्या भेटीत अरे-तुरे, वर 'तू भिजला'! जुईनं रागवायचं ठरवलं, पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद इतका खरा होता की रागाला जागाच सापडेना. त्यानं हात पुढे करून दरवाजा बाजूला सरकवला. ढकलायचा नव्हताच तो, सरकवायचा होता. जपानात राहून हेही कळू नये? ती मनातून चांगलीच ओशाळली.

तो आदित परुळेकर. त्याचे बाबा रवींद्र परुळेकर मूळचे मालवणचे. जहाजबांधणीच्या कामाला इकडे आले आणि इथल्याच मुलीशी लग्न करून राहिले. घरात मराठी बोलणारी माणसं दोनच, बाप आणि लेक, आणि दोघंही पुरुष! त्यामुळे आदितच्या मराठीत सगळं जगच पुल्लिंगी होतं. मांजर आला, गाडी गेला, आजी रागावला. बाबांना 'तू' म्हणायची घरची रीत, म्हणून 'अहो' वगैरे भानगड त्याच्या गावीच नव्हती.

जुई मूळची डोंबिवलीची. नोकरी दूरच्या कावासाकी शहरातल्या कंपनीत, राहायला हिगाशी-कसाईला, मैत्रिणीबरोबर. टेकडीवरची ही सेमिनरी म्हणजे पाद्री घडवायची जुनी शाळा. एकेकाळी गजबजलेली, आता विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिच्या मालमत्तेची सगळी जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायला कंपनीनं जुईला इथे धाडलं होतं, आणि प्रत्यक्ष जागा मोजून हद्द कायम करायचं काम आदितचं होतं.

कागदपत्रं म्हणजे निव्वळ गोंधळ हो! त्या काळी परदेशी पाद्र्यांच्या नावावर जमीन होत नसे, म्हणून एक तुकडा कुणा सुताराच्या नावावर, दुसरा कुणा कोळ्याच्या. पुढे ते सगळं परत आलं, पण अर्धवट. आणि सगळ्यात घोडं अडलं होतं ते विहिरीपाशी. नकाशात विहीर सेमिनरीच्या आवारात. प्रत्यक्षात ती भिंतीपलीकडे, शेजारच्या ओकानोआज्जींच्या मुळ्याच्या वाफ्यात!

"मग विहीर कुणाची?" जुईनं विचारलं.

"ते कागद नाही सांगणार. ताचिआई करायचा," आदित म्हणाला. "दोन्ही शेजारी हद्दीवर एकत्र उभा राहतात. मी खुंटी दाखवतो. मग प्रत्येकानं आपल्या तोंडानं बोलायचा, हो, मला मान्य आहे. मान डोलावून चालत नाही. मोघम नाही चालत."

"करायची. ताचिआई ती."

"का? तिला बघितला तू?"

जुईला असं हसू फुटलं की आतून सेमिनरीच्या फादर मोरींनी काळजीनं डोकावून पाहिलं.

त्या दिवसापासून दुपारच्या डब्याला दोघं भिंतीच्या कठड्यावर बसू लागले आणि तिथे रोज व्याकरणाची शाळा भरू लागली.

"नदी ती. विहीर ती. पण आड... तो."

"आड म्हणजे?"

"लहान विहीर."

"म्हणजे लहान असताना तो, आणि मोठा झाला की ती?" आदितनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं. "डॉक्टरला दाखवला का?"

"गप रे! जेव मुकाट्यानं."

त्यानं तिच्या डब्यातली बटाट्याची भाजी तोंडात घातली. "मस्त आहे. हा भाजी सुका आहे?"

"सुकी. भाजी ती, म्हणून सुकी."

"सु... की," तो सावकाश म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या. "हा शब्द आम्ही... भाजीला नाही म्हणत."

ते काय जुईला माहीत नव्हतं? जपानीत सुकी म्हणजे आवडतेस, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. पण शिकवणारीच लाजली तर कसं व्हायचं? तिनं घाईघाईनं लोणच्याचा विषय काढला.

दिवस भुर्रकन गेले आणि कावासाकीहून तिच्या साहेबांचा, शिरीषसरांचा फोन आला. ऑफिसात सरसुद्धा तिला जपानी रीतीप्रमाणे 'सान' लावत.

"जुई-सान, शुक्रवारी हे काम संपतंय. मुंबईची जागा मोकळी आहे. परत जाणार की इथे आणखी दोन वर्षं? शुक्रवारी दुपारपर्यंत हो की नाही, काय ते सांगा. मुंबईवाले थांबायचे नाहीत."

महिन्यापूर्वी विचारलं असतं, तर जुईनं डोळे मिटून मुंबई म्हटलं असतं. आता मात्र 'शुक्रवारी सांगते' म्हणून तिनं फोन ठेवला. कशासाठी राहायचं? कुणी 'राहा' म्हटलं होतं का? एक शब्द... आदितनं फक्त एक शब्द बोलावा! पण स्वारी नुसती हसायची, चहाचा कॅन गरम आहे बघ म्हणून तिच्या हातात द्यायची, आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावायची.

बुधवारी दोघं विहिरीवर गेले. आदितनं लाकडी झाकण सरकवलं. दोघांनी वाकून पाहिलं. आत काळाकुट्ट अंधार, काही म्हणता काही दिसेना. जुईची बट खाली लोंबत होती. ती मागे सारायला तिनं मान वळवली, तर आदित विहिरीत बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

"सुकी," तो म्हणाला.

जुई ताडकन सरळ झाली. "काय... काय म्हणालास?"

तो पार बावचळला. हेल्मेट काढलं, परत घातलं. "व... विहीर. विहीर सुकी आहे." आणि तिपाई उचलून जो निघाला, तो मागे वळून पाहील तर शपथ!

आता काय समजायचं माणसानं?

संध्याकाळी तिनं हिगाशी-कसाईला अक्षयाला, आपल्या मैत्रिणीला, फोन लावला.

"अगं, जपानीत 'सु'मधला उकार गिळतात. त्यानं गिळला का?" अक्षयानं विचारलं.

"तेच आठवत नाहीये गं! आणि विहीर सुकी, हे मराठी अगदी बरोबर आहे."

"तो कधी बरोबर बोलतो? विहीर सुका म्हणाला असता. म्हणजे जपानीच!"

"पण ते 'सुकी' मीच शिकवलंय ना त्याला! भाजी ती, विहीर ती... माझ्याच हातानं धोंडा पाडून घेतला मी पायावर."

"बरं, बोलताना बघत कुठे होता?"

"माझ्याकडे."

"मग विहीर काय तुझ्या कपाळावर आहे?"

जुई हसली, पण लगेच तिचा आवाज ओला झाला. "नाही गं. तसं काही असतं तर एवढ्या दिवसांत बोलला नसता? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? जाते मी मुंबईला."

गुरुवारी आदित फिरकलाच नाही. नकाशे काढतोय असा निरोप तेवढा आला. जुईनं फादर मोरींना मुंबईला जातेय म्हणून सांगून टाकलं, बॅग भरायला घेतली, निम्मी भरली, आणि तशीच उघडी ठेवून दिली.

शुक्रवारी ताचिआई होती. एका बाजूला फादर मोरी, दुसऱ्या बाजूला टोपी घातलेल्या ओकानोआज्जी, मध्ये आदित खुंटी घेऊन. जुई कागद छातीशी धरून उभी होती. आदित आज तिच्याकडे बघायलाच तयार नव्हता. ती चिडली होती, दुखावली होती, आणि तरी त्याचा शर्ट आज इस्त्रीचा आहे हे तिनं पाहिलं होतं.

"विहीर सेमिनरीचीच हो," आज्जी हसून जपानीत म्हणाल्या. "भिंत मागाहून घातली, तेव्हा चुकून आमच्या बाजूला राहिली. मी आपली मुळ्यापुरतं पाणी घेते."

"पाणी?" जुई चमकली. "पण आज्जी, विहीर तर आटलेली आहे ना?"

"कोण म्हणालं तुला?"

आज्जींनी झाकण सरकवलं, कोपऱ्यातला पोहरा उचलला आणि आत सोडला. खालून आवाज आला... डुबुक! दोर ओढत ओढत त्यांनी पोहरा काठावर ठेवला. काठोकाठ भरलेला!

जुईनं हळूहळू मान वळवली. आदितचे कान पेटले होते.

"आदित, विहीर सुकी आहे म्हणाला होतास ना?"

"... हो."

"मग हा पोहरा?"

"भरला."

"मग सुकी कोण?"

फादर मोरी आणि आज्जी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघू लागले. अक्षर कळत नव्हतं, पण जपानी माणसं ती, मध्ये कशी बोलतील! आदित खुंटीशी चाळा करू लागला.

"तूच सांगितलंस ना," जुई एक पाऊल पुढे सरकली. "ताचिआईत मोघम चालत नाही. हद्दीवर उभं राहून आपल्या तोंडानं बोलायचं. बोल!"

आदितनं हेल्मेट काढून हातात घेतलं.

"विहीर... ओला आहे," तो म्हणाला. सगळं शिकवलेलं व्याकरण वाऱ्यावर गेलं होतं. "तू... सुकी. जपानीत. त्या कसाच्या दिवसापासून. मी घाबरला, म्हणून विहिरीवर ढकलला. तू मुंबईला जाणार, फादर बोलला. मला वाटला, आता बोलून तुला अडकवायचा कशाला?"

त्या एवढ्या मराठीतून आज्जींनी एकच शब्द बरोबर उचलला. "आरा, आरा!" करून त्या तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. फादर मोरी एकदम आभाळातले ढग बघू लागले.

जुईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आडात होतं तर!" ती पुटपुटली. "आणि मी वेडी..."

नेमका तेव्हाच फोन वाजला. शिरीषसर! "जुई-सान, काय ठरलं? मुंबई?"

"नाही सर. मी राहतेय."

"दोन वर्षं?"

"सध्या तरी दोन," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

आदित हेल्मेट घट्ट धरून उभा होता. "पण मला उत्तर नाही मिळाला," तो हळूच म्हणाला. "ताचिआईत दोघांनी बोलायचा असतो."

जुई खुंटीच्या अगदी जवळ, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे पुसले, आणि मास्तरीणबाईंच्या थाटात म्हणाली, "तू सुका."

"जपानीत सुका नसतो!"

"मराठीत असतो. तू पुल्लिंगी आहेस ना? मग मला तू... सुका."